मागच्या अंगणातला वाढदिवस

बटणने, म्हणजे नातीने, वाढदिवसाला काय हवं ते सांगितलं, तेव्हा माई हॉटेलातून आलेल्या चादरी डाग बघून वेगळ्या करत होती. पोरगी सायकल-बियकल मागणार असं धरून तिने मान वर न करताच ‘बरं, बघू’ म्हटलं. पोरीने वस्तू मागितलीच नाही, हे तिच्या जरा उशिराने लक्षात आलं.

बटणला या वर्षी गर्दी नको होती. केक हॉलमध्ये नाही, लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात, उघड्यावर कापायचा. त्या दिवशी ड्राय-क्लीनिंगचं यंत्र बंद ठेवायचं, कारण त्याच्या वासाने खोकला येतो. येणाऱ्याने दारातच साबणाने हात धुवायचे, तोंडाला मास्क लावायचा, फुलं आणायची नाहीत. केक एकच मोठा नको, प्रत्येकाचा वेगळा, झाकलेला. आणि मेणबत्ती फुंकायची नाही, वाटीने झाकून विझवायची. फुंकलं की केकवर थुंकी उडते.

“एवढा सोहळा कुणासाठी?” माईने विचारलं.

“भिंगरीसाठी. तिला नुसती सर्दी झाली तरी परत ॲडमिट करतात, आजी. तिचा मागचा वाढदिवस काचेच्या आत झाला. आम्ही बाहेरून हात हलवला.”

बोलून झाल्यावर बटणने काउंटरवर बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं आणि ओठ आत घेतले. माईच्या हातातली चादर तशीच राहिली.

या घरात ते नाव कुणी काढत नव्हतं. भिंगरी ही ताईची मुलगी. ताई ही माईची मधली लेक. बॉयलर दुरुस्त करायला येणाऱ्या मेकॅनिकबरोबर ती घर सोडून गेली आणि पुढच्या काही महिन्यांतच लॉन्ड्रीचे मालक, माईचा नवरा, इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकवून बसले ते उठलेच नाहीत. या मरणाचा दोष कुणाच्या माथी मारायचा, ते माईने त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. बटणचा जन्म त्यानंतरचा. रांगत असताना तिने धुलाईला आलेल्या सदऱ्याचं बटण गिळलं आणि घरादाराला कामाला लावलं, तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त शाळेत उरलं होतं. ताईला एक मुलगी आहे, तिला रक्ताचा कॅन्सर झालाय, हे बाहेरच्यांकडून माईच्या कानावर आलं होतं. तिने ते कानावरच ठेवलं होतं.

“आम्ही म्हणजे कोण कोण?” तिने नातीला विचारलं. उत्तर मात्र सुनेने, बटणच्या आईने, दिलं. बटणचा कान दुखत होता तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, तिथे योगायोगाने गाठ पडली, एवढंच.

माईने मान हलवली आणि पुढची चादर उचलली. तिचा विश्वास बसला नव्हता. उभा जन्म लोकांचे कपडे हाताळण्यात गेलेला, त्यामुळे माणूस कुठून आलाय ते तिला त्याच्या अंगावरच्या कापडावरून कळायचं. गेले कित्येक गुरुवार सुनेच्या ओढणीला दवाखान्यात हाताला चोळतात त्या औषधाचा वास येत होता. सून सांगायची, दोरा आणायला गेले होते. दोऱ्याच्या दुकानात असला वास कुठून येणार? माईने तेव्हा काही विचारलं नव्हतं. ती वाट बघत होती.

आता तिने धागे जुळवायला घेतले. एवढ्याशा पोरीच्या डोक्यात मेणबत्ती वाटीने झाकायचं आपोआप येत नाही, ते कुणीतरी घातलेलं असतं. पोरीच्या डोक्यात सुनेने घातलं, सुनेच्या डोक्यात कुणी? अर्थात ताईने. आणि ताई इतकी वर्षं गप्प राहून आत्ताच का हलली? दवाखान्यातल्या कपड्यांचं काम बघणारी एक बाई मागे बोलता बोलता म्हणाली होती की, अशा लेकरांना दुसऱ्याच्या हाडातला मगज, तो बोनमॅरो, लागतो, आणि नात्यातल्या निरोगी पोराचा जुळला तर फारच बरं. माईने अंगणात खेळायला गेलेल्या बटणकडे खिडकीतून पाहिलं. गुबगुबीत हात, लाल गाल.

दुपारी जेवताना तिने दोघा मुलांसमोर विषय काढला. धाकटा, म्हणजे बटणचा बाप, खरोखरच चकित झाला, ते तिला दिसलं. तो आधी बायकोकडे, मग आईकडे बघत राहिला. थोरला, दादा, मात्र ताटातून मान वर न करता म्हणाला की, पोरीचा वाढदिवस आहे, तिला हवा तसा करू. मग बॉयलरचा दाब बघायचाय म्हणून उठला. बॉयलर तेव्हा गार होता. माईने तेही लक्षात ठेवलं.

*

धाकट्याने बायकोशी बोलायला व्हॅन गाठली, कारण घरात भिंतींपेक्षा पडदे जास्त होते. धुतलेल्या चादरी हॉटेलात पोचवायच्या होत्या. उतरवताना मदत हवी म्हणून त्याने तिला बरोबर घेतलं आणि पहिलं वळण गेल्याबरोबर सुरुवात केली.

तिने फारसं काही लपवलं नाही. भेट योगायोगाने झाली हे खरं होतं. त्यानंतर दर गुरुवारी ती स्वतःहून जात होती, कधी बटणला घेऊन, कधी एकटी. भिंगरीजवळ बसायची, तेवढ्या वेळात ताई बाहेर जाऊन दोन घास खाऊन यायच्या. धाकट्याला ताईचा राग नव्हता. आपल्याला दोऱ्याची रिळं दाखवून फसवलं याचाच त्याला जास्त राग आला होता. ती रिळं त्याने स्वतः फळीवर रचून ठेवली होती.

“ताईने बटणबद्दल कधी काही विचारलं?” त्याने विचारलं.

“नाही,” ती लगेच म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “एकदा वजन विचारलं होतं. हिचं वजन किती भरतं म्हणून.”

धाकट्याने व्हॅन बाजूला घेतली. “वजन कशाला हवं होतं तिला?”

त्या दिवशी तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आत्या भाचीची चौकशी करते, त्यात काय. पण आता नवऱ्याच्या तोंडून तोच प्रश्न ऐकल्यावर तिच्याच मनात पाल चुकचुकली. ताईंनी विचारलं तेव्हा त्या बटणकडे डोक्यापासून पायापर्यंत बघत होत्या. नंतर त्यांनी तो आकडा स्वतःशी पुटपुटला होता. का बरं?

धाकट्याने वाढदिवस रद्दच करू असं सुचवलं. ती म्हणाली, आता उशीर झालाय, बटणने माझ्या फोनवरून आत्याला बोलावूनसुद्धा टाकलंय. मग त्याने ठरवलं की, येऊ देत. पण आपण पोरीच्या शेजारून हलायचं नाही. घरी आल्यावर त्याने ती वजनाची गोष्ट माईला सांगितली. सांगू नका, असं बायको दोनदा म्हणाली होती.

*

ताईला यायचं नव्हतं. बटणचा फोन आला तेव्हा तिने सरळ नाही म्हटलं होतं. तिचा नवरा म्हणाला, तुझ्या आईला तुझी झालेली दशा डोळ्यांनी बघायची असेल, दुसरं काय. ताईलाही तसंच वाटत होतं. पण भिंगरीने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती कुठली टोपी घालायची ते ठरवत बसली होती. तिच्या डोक्यावर आता केस नव्हते. पिवळी घालू की निळी, हे तिने नर्सला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आजोबांना विचारलं. आजोबांनी पिवळी सांगितली. एवढं झाल्यावर ताईला नाही म्हणवेना.

अंगणाच्या फाटकात पाऊल टाकताच तिचे डोळे चहूकडे फिरू लागले. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या रिकाम्या होत्या. फरशी धुऊन काढली होती. खुर्च्या एकमेकींपासून लांब मांडल्या होत्या. सगळं इतकं नीट होतं की तिला त्याचीच भीती वाटली. धाकटा बटणच्या खांद्यावर हात ठेवून पोलिसासारखा उभा होता. मागच्याच गुरुवारी जिने भिंगरीचे पाय चेपून दिले होते, ती वहिनी आज नजर देत नव्हती. म्हणजे काहीतरी शिजलंय, ताईने ओळखलं. आणि वहिनीही त्यात आहे.

दादा तेवढा पुढे आला. त्याने साबण आणला, भिंगरीच्या हातांवर कोमट पाणी घातलं, स्वच्छ टॉवेल पुढे केला. “बॉयलरचं पाणी आहे, एकदम शुद्ध,” तो म्हणाला. “तुझ्या बापाने दुरुस्त केलेला बॉयलर. अजून कुरकुरत नाही.” भिंगरी मास्कमागे हसली असावी, कारण तिचे डोळे बारीक झाले.

बटण आपला वेग आवरत होती. एरवी ती अंगणभर धावायची, आज ती भिंगरीच्या चालीने चालत होती. तिने प्रत्येकाला आपापला छोटा केक दिला, आपल्या केकवरची मेणबत्ती लावली आणि भिंगरीला म्हणाली, “वाटी तू ठेव.” भिंगरीने वाटी उपडी घातली. ज्योत विझली, वाटीच्या कडेने धूर बाहेर आला आणि दोघी टाळ्या वाजवायला लागल्या. क्षणभर मोठी माणसंही एकमेकांकडे बघायची विसरली.

ताईला इस्त्रीघराच्या खिडकीत, जाळीमागे, कुणीतरी उभं दिसलं. कोण, ते तिला विचारावं लागलं नाही. थोड्या वेळाने वहिनीने निरोप आणला की, माईंनी आत बोलावलंय.

*

माईने इस्त्रीच्या टेबलाच्या एका बाजूला उभं राहून लेकीला आत येताना पाहिलं. ताई वाळली होती. कुर्त्याची उसवलेली बाही तिने हातशिलाईने जोडली होती, आणि टाके चांगले होते. माईनेच शिकवलेले. सून तिच्या मागोमाग आली आणि दारातच थांबली.

“काय हवंय ते सरळ सांग,” माई म्हणाली. “लेकरांना पुढे करू नकोस.”

“मी कुणाला पुढे केलंय? तुम्ही बोलावलंत म्हणून आले.”

तुम्ही. माईला तो शब्द गरम इस्त्रीसारखा लागला. तिच्या तिन्ही मुलांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. भांडतानासुद्धा नाही.

“बटणचं वजन कशाला विचारलंस?”

ताईने मान वळवून वहिनीकडे पाहिलं. वहिनीचे डोळे भरले होते. बाहेरून पोरींचा आवाज येत होता.

“दोघी एकाच वयाच्या आहेत,” ताई म्हणाली. “भिंगरीचं वजन दवाखान्यात रोज लिहितात. कमी आहे, कमी आहे म्हणतात. किती कमी, ते मला कळायचं नाही. एक दिवस ही बटणला घेऊन आली. धडधाकट पोरगी समोर उभी राहिली, तेव्हा वाटलं, आपलीही एवढी असायला हवी होती. म्हणून विचारलं.” मग तिच्या ध्यानात आलं. “तुम्हाला वाटलं, मी हिच्या हाडातलं काढून मागायला आले.”

कुणीच नाही म्हटलं नाही. सुनेनेही नाही.

“मागितलं असतंस तर मला समजलं असतं,” माई म्हणाली. हे ती भांडायला बोलली की खरंच, ते तिचं तिलाही कळलं नाही. “लेकरासाठी माणूस काहीही मागतं.”

“मागून उपयोग नव्हता. लांबच्या नात्यात जुळणं फार अवघड असतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मामाचंसुद्धा नाही जुळत बहुधा. दादाचं तपासलंच की त्यांनी.”

बोलणं झाल्यावर ताई थबकली. धाकटा आणि दादा दारापाशी येऊन उभे राहिले होते, हे तिने पाहिलं नव्हतं.

माईने सावकाश दादाकडे पाहिलं. मागे एकदा त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर, कोपराच्या आतल्या बाजूला, रक्ताचा ठिपका निघाला होता. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, टाचणी लागली. तिने गार पाण्याने तो डाग स्वतः काढला होता. याला काही आजार तर नाही ना, म्हणून ती नंतर बरेच दिवस त्याचं खाणंपिणं चोरून बघत होती.

“हिने बोलावलं नव्हतं,” दादा म्हणाला. “मीच गेलो. नाही जुळलं.”

“मला का नाही सांगितलंस?” धाकट्याने विचारलं. त्याच्या आवाजात लहान भावाची तक्रार होती.

“तू माईला सांगितलं असतंस.”

वजनाची गोष्ट या खोलीत कुणी आणली, ते सगळ्यांना माहीत होतं.

“आणि मला?” माईने विचारलं.

सून जमिनीकडे बघत राहिली. ताईने खिडकीबाहेर पाहिलं. उत्तर द्यायचं काम शेवटी दादावरच आलं. कामगार असोत की गिऱ्हाइकं, त्याचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता, आणि आत्ताही तो चढला नाही.

“तुला सांगितलं असतं, तर तू जाऊ दिलं नसतंस,” तो म्हणाला. “आणि मी तुझं ऐकलं असतं, माई. म्हणून नाही सांगितलं.”

माईने टेबलाच्या कडेला हात टेकला. इतके दिवस ती कपडे हुंगत होती, घड्या उलगडत होती, या घरात तिच्या पाठीमागे काहीतरी चाललंय याची तिला खात्री होती. खात्री खोटी नव्हती. चाललंच होतं. सून रिळं विकत घेत होती, मुलगा टाचणी लागली सांगत होता, आणि सगळे मिळून एका गोष्टीपासून त्या पोरीला वाचवत होते. ती गोष्ट म्हणजे आपण. एवढं तिला लख्ख समजलं.

“आता काय करणारेत तिचं?” तिने विचारलं.

औषधं चालू आहेत, ताईने सांगितलं. कुणी परका दाता जुळतोय का, तेही बघतायत. मिळेल असंही म्हणत नाहीत, नाही असंही म्हणत नाहीत.

माईने खुंटीवरचा एक मास्क घेतला, कानामागे अडकवला आणि ती मागच्या दाराने अंगणात निघाली. ताई जवळजवळ धावतच तिच्या मागे गेली. आपल्या आईला आपल्या मुलीजवळ एकटं सोडायची तिची अजून तयारी नव्हती.

*

पोरी उन्हात बसल्या होत्या. बटण कसलीतरी लांबलचक गोष्ट सांगत होती आणि भिंगरी मधूनमधून तिला चुका दाखवत होती. माई जवळ येताच दोघी गप्प झाल्या. भिंगरीने आधी माईचे हात बघितले, मग चेहरा, मग तिने आईला विचारलं, “या कोण?”

बटण सांगायला पुढे सरसावली होती. तिच्या आईने मागून तिचा हात धरला.

ताईने भिंगरीचा मास्क नीट बसवला. माई वाट बघत उभी राहिली. मग ताई म्हणाली, “ही लॉन्ड्री यांची आहे.”

दादाने मान खाली घातली. माईने मात्र तक्रार केली नाही. “हो,” ती म्हणाली, आणि एक खुर्ची ओढून, बाकीच्या खुर्च्यांमध्ये होतं तेवढं अंतर ठेवून बसली. “तुला काय म्हणतात?”

“भिंगरी. पण आता मी फिरत नाही. चक्कर येते.”

“मग मी काय म्हणू?”

पोरीने विचार केला. “भिंगरीच म्हणा. बरी झाले की फिरीन.”

माईने पदराने डोळे पुसायला हात वर नेला, आणि अजून हात धुतलेले नाहीत हे आठवून तो तसाच खाली आणला.

उन्हं कलली तशी ताईने पिशवी उचलली. उशीर झाला तर भिंगरीला ताप भरतो, ती म्हणाली. धाकटा व्हॅन काढतो म्हणाला. आधी त्याने सीटवर धुतलेली चादर घातली. बटणने भिंगरीला फाटकापर्यंत सोडलं, हात न धरता. दोघींच्या मध्ये एका पावलाची जागा होती आणि ती दोघींनीही शेवटपर्यंत सांभाळली.

माई फाटकाशी ताईच्या समोर आली.

“येत्या गुरुवारी मी आले तर चालेल?”

ताईने तिच्याकडे पाहिलं. बाजारात नाणं खरं की खोटं बघावं तसं निरखून पाहिलं. “कशाला?”

“सून येते तशी. तू दोन घास खाऊन येशील.”

ताई हो म्हणाली नाही. तिने भिंगरीला व्हॅनमध्ये चढवलं, तिची टोपी सारखी केली, पिशवी आत ठेवली. दार ओढून घेण्याआधी ती क्षणभर थांबली.

“लवकर ये,” ती म्हणाली. “आत सोडायच्या आधी फार वेळ बसवून ठेवतात. तुला सोसणार आहे का?”

“बसेन मी,” माई म्हणाली.